केरबामामांचं पिवळं घमेलं

माझ्या सासऱ्यांचं नाव केरबा. पण उचगावात येऊन नुसतं केरबा विचारलंत तर चार जण चार घरं दाखवतील. माव्याचा केरबा म्हणा, मग शेंबडं पोरसुद्धा तुम्हाला आमच्या दारात आणून सोडेल. नव्या माणसाला वाटतं, म्हाताऱ्याची पानपट्टी असणार. तसलं काही नाही बाबा. मावा म्हणजे पिकावरचा. कोबीच्या पानामागं, शाळूच्या, म्हणजे ज्वारीच्या, पोंग्यात, मिरचीच्या शेंड्याला हिरवी-काळी बारीक कीड दाटीनं चिकटलेली असते, हात लावला तर बोटं चिकट होतात, तो. त्या किडीपायी आमच्या मामांनी एकोणपन्नास वर्षं घातली. मारण्यात घातली असती तर मी चकार शब्द काढला नसता. त्यांनी ती मोजण्यात घातली.

मी निशिगंधा, त्यांची एकुलती एक सून. माहेर शाहूवाडीकडचं, भाताच्या मुलखातलं. आमच्याकडं मनात एक आणि तोंडात एक असं चालत नाही. राग आला की बोलायचं आणि बोलून झालं की चहा टाकायचा. तेव्हा मामांबद्दल सांगताना मी चार वेळा तणतणेन, ते तेवढं सांभाळून घ्या.

बाविसाव्या वर्षी मामा भाजीपाल्याच्या एका संशोधन मळ्यावर रोजंदारीला लागले. शिक्षण सहावी. तिथल्या साहेबांनी त्यांच्या हातात एक पिवळी परात दिली. परातीत पाणी भरायचं, पाण्यात साबणाचा एक थेंब टाकायचा आणि ती बांधावर गुडघाभर उंचीवर ठेवायची. पंख फुटलेला मावा उडता उडता पिवळा रंग बघून खाली उतरतो आणि पाण्यात पडतो. सकाळ-संध्याकाळ ते पाणी फडक्यातून गाळायचं, रंगाच्या बारीक कुंचल्यानं एकेक मावा बाजूला काढायचा, मोजायचा आणि आकडा साहेबांना द्यायचा. एवढंच काम. बाकीचे मजूर खुरपं घेऊन भांगलायला निघाले की हा गडी कुंचला घेऊन निघायचा. लोक हसून हसून पालथे पडायचे म्हणे.

सात साहेब आले आणि गेले, परात तीच राहिली. मग कधीतरी ते कामच बंद पडलं आणि मामाही निवृत्त झाले. निरोपाला शाल आणि नारळ मिळाला. मामांनी परात मागितली, ती मिळाली नाही. दुसऱ्याच दिवशी कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजारात जाऊन त्यांनी एक लोखंडी घमेलं आणलं, त्याला पिवळाधमक ऑइलपेंट मारला आणि आमच्या स्लॅबवर पाण्याच्या टाकीशेजारी मांडलं. मी म्हटलं, "मामा, आता कुणाला द्यायचा आकडा?"

"वहीला," म्हणाले.

झालं. मी हात टेकले.

वह्यांची एक पत्र्याची पेटीच आहे. दर दिवसाला एक ओळ, ओळीत सकाळ आणि संध्याकाळ असे दोन रकाने. एकही रकाना कोरा नाही. घरात कुणी आजारी असो, लग्न असो, पूर येवो, मामा सकाळी आठला आणि दिवस मावळायला कुंचला घेऊन हजर. गावाला गेले तर जाताना महालिंगआण्णांना बजावून जायचे. महालिंगआण्णा म्हणजे आमच्या घरामागच्या परड्याला लागून ज्यांचं रान आहे ते, मूळचे कुरुंदवाडकडचे. त्यांनाही आता हे काम तोंडपाठ झालंय.

आणि एक गोष्ट मी मामांना कधी माफ केली नव्हती. सहा वर्षांपूर्वी आमच्या आत्ती गेल्या, म्हणजे माझ्या सासूबाई. पहाटे गेल्या. दुपारी त्यांना पोचवून आलो. घरात माणूस मावत नव्हतं, रडून रडून माझा घसा बसलेला आणि दिवस मावळायला मी बघते तर काय, मामा जिना चढताहेत, हातात कुंचला. नंतर वहीत बघितलं. त्या तारखेला लिहिलं होतं, 'सकाळ ९, संध्याकाळ १४.' बाकी एक अक्षर नाही. माझ्या काळजाला असं लागलं ते! चाळीस वर्षं संसार केलेली बायको गेली आणि या माणसाला किडे सुचतात? ते माझ्या मनात बसलं ते बसलंच.

तरी त्यांचं ऐकायला मजा यायची, खोटं कशाला बोलू. पावसाळ्यात घमेल्यात मावा शोधून सापडत नाही. दसरा झाला की दोन-चार दिसतात. दिवाळीनंतर थंडी पडली की वाढायला लागतो आणि संक्रांतीपासून शिमग्यापर्यंत त्याचा खरा हंगाम. ऊन तापलं की परत गायब. दिवसातही त्याच्या वेळा ठरलेल्या. सकाळी उन्हं आली की एक उठाव, दुपारी विसावा, चारनंतर दिवस बुडेपर्यंत दुसरा उठाव. अंधारात उडत नाही, वारं असलं तर उडत नाही. थंडीत संध्याकाळी आमचे हे, अमरसिंह, दुचाकीवरून डोळे चोळत घरी आले की शिव्या देत यायचे, डोळ्यात किडं गेलं म्हणून. बाकीच्या घरात पाण्याचा तांब्या पुढं करतात. आमच्यात मामा विचारायचे, "किती गेलं? पुलाच्या अलीकडं का पलीकडं?"

एकदा मी भाकरी थापत होते, मामा चुलीपुढं शेंगा सोलत बसले होते. म्हटलं, "मामा, सगळ्याच माव्याला पंख का नसतात?"

"गरज न्हाय म्हणून," म्हणाले. "जागा हाय, कवळं पान हाय, तवर बिनपंखाचीच पोरं हुत्यात. आन् सगळ्या बायाच बरं का, नवरा ह्यो प्रकार न्हाईच. पान वाळाय लागलं, न्हायतर दाटी झाली, की मग आईला कळतंय. आईला दाटी झाली की तिच्या पोटच्या लेकीस्नी पंख फुटत्यात."

माझी लेक प्रियदर्शनी तिथंच मोबाईल बघत बसली होती. ती फिस्सकन हसली. मी म्हटलं, "म्हणजे काय, मला दाटी झाली म्हणून ही निघाली व्हय?" कारण त्याच आठवड्यात तिची सुपारी फुटली होती.

मामा नुसत्या शेंगा सोलत राहिले.

प्रियू म्हणजे त्यांचा जीव की प्राण. तिचे कान त्यांनी तिला मांडीवर धरून टोचून घेतले, तिला सायकल त्यांनी शिकवली. चौथीत असताना ती सुट्टीत त्यांच्याशेजारी बसून मावा मोजायची आणि मामा तिचा आकडा वहीत लिहून पुढं कंसात 'प्रियू' लिहायचे. आता ती नोकरीला लागली होती, आणि सोयरीक जुळली होती कसबा बावड्यातल्या आदर्शशी. मुलगा गुणाचा. घरचे लोक तालेवार, पण माणसं बरी. मला मात्र धाकधूक. आमच्या घरातलं पहिलंच कार्य, पावणं शहरातलं, कुठं काही कमी पडायला नको, कुणी नाव ठेवायला नको. विशेषतः हळदीला. लग्न कार्यालयात होतं, तिथं सगळं कार्यालयवाले बघणार. पण हळद आमच्या परड्यात. नवऱ्याची उष्टी हळद घेऊन विहीणबाई आणि त्यांच्या बायका आमच्या दारात यायच्या होत्या. आमचं घर, आमचा मांडव, आमची अब्रू. प्रियूची हळद सुखानं, देखणी पार पडावी, एवढं एकच मागणं मी अंबाबाईला घातलं होतं.

आमच्या वेळी हळद म्हणजे पाटावर बसवायचं, जुनेर नेसवायचं, पाच सवाशिणींनी लावायची आणि न्हाणीत ढकलायचं. आता तसं चालत नाही. आता हळदीला झाडून सगळ्यांनी पिवळं नेसायचं. बायकांनी पिवळ्या साड्या, बाप्यांनी पिवळे झब्बे, मांडव पिवळा, झेंडूच्या माळा पिवळ्या. प्रियूचा हट्ट त्यात आणखी एक. "पहिली हळद आबा लावणार. सवाशिणी मागनं." मी म्हटलं, अगं, असं कुठं असतं का? ती म्हणाली, आमच्यात असतं. मामा बघतच राहिले. नंतर धोतराच्या सोग्यानं डोळे पुसून म्हणाले, "लावतो की. शब्द दिला."

फेब्रुवारीतला गुरुवार ठरला, वेळ संध्याकाळी पाच. बावड्यातली हळद आटपून बायका साडेचारपर्यंत पोचणार होत्या. शिवाय फोटोवाल्यानं सांगितलं होतं, पाचचं ऊन सोन्यासारखं पडतं. त्या आठवड्यात सोमवारी रात्री जेवताना हे बोलणं निघालं आणि मामांनी ताटावरून मान वर केली.

"पाचला नगं."

"का?"

"महालिंगाचा शाळू वाळाय लागलाय. मावा पंखावर आलाय. आत्ता आभाळ आलंय म्हणून गप हाय. दोन-तीन दिवस आसंच राहील, मग ऊन पडंल, वारं पडंल आन् सगळा एकदम उठंल. गुरुवारीच. चारनंतर. तुमी दोनशे माणसं पिवळं नेसून शाळूच्या बांधाला हुभी राहणार. घमेलंच की मांडलंय माव्याला."

अमरसिंह खो खो हसले. "आबा, हळदीला पिवळं न्हाय तर काय काळं नेसायचं?"

"मग बारा वाजता घ्या. न्हायतर दिवस बुडाल्यावर. न्हायतर घरात."

माझं डोकंच फिरलं. पत्रिका वाटून झालेल्या, मांडववाला ठरलेला, विहीणबाईंना तीनदा फोन करून वेळ पक्की केलेली. आणि आता काय सांगायचं त्यांना? आमच्या सासऱ्यांनी सांगितलंय, किडे उडणार आहेत म्हणून हळद पुढं ढकला? मी म्हटलं, "मामा, उभा जन्म तुम्ही किडे बघितलेत, तुम्हाला दुसरं दिसतच नाही. निदान पोरीच्या हळदीत तरी ते आणू नका."

मामांनी ताटातला भात संपवला, हात धुतला आणि उठले.

मंगळवारी फोटोवाला जागा बघायला आला. म्हणाला, स्लॅबवरून छान दिसेल, ड्रोनपण इथूनच उडवू. वर गेलो तर टाकीशेजारी ते घमेलं. पाण्यावर मेलेले किडे तरंगत होते. फोटोवाल्यानं नाक मुरडलं आणि माझा पारा चढला. तिथल्या तिथं घमेलं उचललं, पाणी पन्हाळीत ओतलं आणि ते न्हाणीमागं भंगारात टाकून दिलं. संध्याकाळी मामा कुंचला घेऊन जिन्यात आले. मी वाळवण गोळा करत होते.

"घमेलं?"

"काढलं. पावणं येणार आहेत घरात."

ते टाकीशेजारी घमेल्यानं पडलेल्या गोल गंजक्या डागाकडं बघत उभे राहिले. "आजचा मोजायचा हुता," एवढंच म्हणाले आणि उतरले. मला आत कुठंतरी टोचलं. पण लग्नाच्या घरात टोचलेलं बघायला वेळ कुणाला असतो? शंभर कामं होती.

बुधवारपासून घरातल्या वस्तू गायब व्हायला लागल्या. मांडववाला सांगत आला, पिवळ्या कापडाचा आख्खा तागा मोजून आणलेला, तो सापडत नाही. मी त्यालाच झापलं, तुझीच माणसं नीट बघत नाहीत म्हणून. मग आचाऱ्यानं तेलाचे रिकामे पिवळे डबे ठेवले होते, ते नाहीत. मग भांडी घासायच्या साबणाची नवी बाटली नाही. शेवटी तर एरंडेलाची बाटली गेली, म्हणजे काय म्हणायचं! मी आचाऱ्याला बोलले, मांडववाल्याला बोलले, बिचाऱ्या अमरसिंहांना तर उगीचच बोलले.

गुरुवार उजाडला तो लख्ख. तीन दिवसांचं आभाळ पुसून टाकल्यासारखं गेलं होतं. दुपारी वारं पार पडलं, झेंडूची पाकळी हलेना. मला आनंद झाला, म्हटलं, देव पावला. मामांचं बोलणं माझ्या ध्यानातसुद्धा नव्हतं.

साडेचारला विहीणबाई आल्या. वाजंत्री लागली. दोनशे माणूस पिवळंधमक झालेलं, परडं बघण्यासारखं दिसत होतं. प्रियूला पाटावर आणून बसवलं. पिवळी साडी, फुलांचे दागिने. माझी नजर लागेल म्हणून मीच तिकडं बघायचं टाळलं. वाटी पुढं केली. ती म्हणाली, "आबा कुठायत?"

आबा नव्हते.

घरात बघितलं, स्लॅबवर बघितलं, देवळात माणूस पाठवला. मोबाईल त्यांच्या खाटेवर चार्जिंगला लावलेला. पाच वाजले, सव्वापाच झाले. विहीणबाई घड्याळाकडं बघायला लागल्या. फोटोवाला कुरकुरायला लागला, ऊन चाललं म्हणून. मी आतून नुसती धुमसत होते. मला पक्कं ठाऊक होतं, म्हातारा रुसलाय. घमेलं काढलं म्हणून रुसलाय! एका घमेल्यासाठी नातीच्या हळदीला पाठ दाखवली. बायकोच्या दिवशी ज्या माणसाला किडे सुचले, त्याच्याकडून दुसरी काय अपेक्षा करायची? मी प्रियूला म्हटलं, "आता थांबायला नको," आणि सवाशिणींतल्या थोरल्या बाळाबाईमावशींना म्हटलं, "लावा तुम्ही."

प्रियूच्या तोंडावरचं हसूच गेलं. तिनं मान खाली घातली. पहिली हळद मावशींनी लावली. मग सवाशिणींनी, मग विहीणबाईंनी उष्टी हळद लावली, मग सगळ्यांनीच. गाणी झाली, नाच झाला, अमरसिंह लेकीबरोबर नाचताना रडले. कार्यक्रम देखणा झाला. मला मधेच माव्याची आठवण झाली तेव्हा मी माझ्या पदराकडं बघितलं. दोन-तीन बारीक हिरवे ठिपके होते, झटकले. विहीणबाईंच्या साडीवर एक होता, त्यांना दिसलासुद्धा नाही. मनात म्हटलं, बघा, एवढ्यासाठी केवढा बाऊ केला होता.

तेवढ्यात महालिंगआण्णा परड्याच्या मागच्या दाराच्या झापाशी उभे दिसले. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हात कोपरापर्यंत तेलकट. मी म्हटलं, "आण्णा, हे काय, हळदीला असं येतात का?"

"अय्यो, सूनबाई, मी हळदीला न्हाय आलो. म्हाताऱ्याला तेवढं घेऊन चला की तुमी," म्हणाले. "माझं ऐकंना झालंय. दोन तास झालं, पाणी पियाला बी उठंना."

मी वाटी तशीच हातात घेऊन मागं गेले. झाप लोटला आणि जागच्या जागी थांबले.

आमचं परडं आणि शाळूचं रान यांच्या मधला बांध या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळा होता; मांडवाचं छत आणि कनात आड आल्यानं तो कुणाला दिसलाच नव्हता. काठ्या रोवून त्यांवर मांडववाल्याचं पिवळं कापड ताणलं होतं, आख्खा तागाच्या तागा, आणि त्याला एरंडेल चोपडलं होतं. कापडापुढं आचाऱ्याचे पिवळे डबे कापून केलेली पसरट भांडी, दहा-बारा तरी, सगळ्यांत साबणाचं पाणी. आणि मधोमध ते घमेलं. पण पिवळं म्हणायचं ते नावालाच, कारण कापड पाक काळं झालं होतं. हात ठेवायला जागा नव्हती. वर बघितलं तर शाळूच्या कणसांवरून उन्हात धुरळा उठावा तसा मावा उठत होता आणि संथ आमच्या मांडवाच्या दिशेनं येत होता. वाटेत पिवळं दिसलं की खाली उतरत होता.

आणि मामा कापडापुढं गुडघे टेकून बसले होते. अंगावर हळदीसाठी मुद्दाम शिवलेला नवा झब्बा. तो पिवळा नव्हता, पांढरा होता. एका हातात फडकं, एका हातात एरंडेलाची बाटली. भरलेला भाग पुसायचा, परत तेल लावायचं, पुढं सरकायचं. परत पहिल्या टोकाला यायचं.

"मामा," मी म्हटलं.

त्यांनी मान न वळवताच विचारलं, "किती वाजलं?"

"सहा वाजून गेले."

"मग झालंच. आणि पंधरा-वीस मिनटं. दिवस बुडाला की बसतोय. तिकडं कुणाच्या अंगावर न्हाय न्हवं बसला?"

मी काय सांगू? दोन-तीन ठिपके झटकले ते कसे सांगू? माझी मलाच लाज वाटली. म्हटलं, "नाही मामा. एकसुद्धा नाही."

"मी पाचला येनार हुतो," म्हणाले. "शब्द दिलता पोरीला. पर पावणेपाचला जो उठलाय, बापरे, उभ्या जन्मात एवढा बघितला न्हाय. सोडून आलो आसतो तर तिच्या तोंडावर, डोळ्यात... लावली न्हवं पहिली हळद कुणीतरी?"

तेवढ्यात मागनं पैंजण वाजले. प्रियू. तोंडभर हळद, पिवळी साडी वर धरून बांधाकडं पळत येत होती. मामा ताडकन उभे राहिले, तिकडं दोन्ही हात करून ओरडले, "आगं ए! मागं फीर! पिवळं नेसून कुठं हिकडं येतीस! मागं फीर म्हणतो न्हवं!"

ती कशाची फिरते. येऊन त्यांच्या गळ्यातच पडली. दोन मिनिटांत तिच्या साडीवर, केसांवर, हळदीच्या गालांवर मावाच मावा झाला. मामा एकेक टिपायला लागले आणि त्यांच्या तेलकट हातांनी ती आणखी चिकट झाली. "बघ, बघ, काय करून घेतलंस! दोन तास मी काय करत हुतो मग हितं?" असं म्हणता म्हणता म्हातारा ओक्साबोक्शी रडायला लागला. मी वाटी पुढं धरली. मामा म्हणाले, "हात घाण हायत माझं."

प्रियूनंच त्यांचा हात धरून वाटीत बुडवला आणि आपल्या गालाला लावला. हळद, एरंडेल आणि मावा. फोटोवाल्याला तिकडं बोलवायचं कुणाला सुचलं नाही, बरंच झालं.

आता तुम्ही म्हणाल, कापड लावल्यानं एवढा मावा अडतो काय? मला ठाऊक नाही. एखादा शिकलेला साहेब म्हणेल, नाही अडत. त्या दिवशी आमच्या मांडवात कुणी डोळा चोळला नाही, एवढं मी बघितलंय.

शुक्रवारी लग्न झालं. पोरगी गाडीत बसली, गाडी वळणाआड गेली आणि मी कार्यालयाच्या पायरीवर बसकण मारली. शेजारी मामा येऊन बसले. मी म्हटलं, "मामा, पंखाचा मावा परत येतो का हो?"

"न्हाय," म्हणाले. "एकदा बसला की त्याच्या पंखातली ताकदच जाती." मग माझ्या तोंडाकडं बघून घाईघाईनं म्हणाले, "आगं, पर ही मावा हाय व्हय? आन् बावड्याला तर दिलीया. मी सायकलीनं जाऊन येईन की."

शनिवारी सकाळी घर रिकामं होतं. मांडव निघाला होता. मामा थकून गाढ झोपले होते, आठ वाजत आले तरी उठले नव्हते. त्यांची वही खिडकीत होती. मी उघडली. मंगळवारच्या ओळीत संध्याकाळच्या रकान्यात लिहिलं होतं, 'घमेलं हलवलं. बांधावर ठेवलं. १८.' कुणी हलवलं ते लिहिलं नव्हतं. बुधवार भरलेला होता, शुक्रवारसुद्धा. मधल्या गुरुवारी दोन्ही रकान्यांवर आडवी रेघ मारली होती. पेटीतल्या सगळ्या वह्यांतली पहिलीच. आणि रेघेवर त्यांच्या त्या वाकड्यातिकड्या सहावीच्या अक्षरात लिहिलं होतं, 'आज मोजला न्हाय. प्रियूची हळद.'

मी मग पेटी काढली आणि सहा वर्षांपूर्वीची ती वही परत उघडली. 'सकाळ ९, संध्याकाळ १४.' चौदावर शाई फुटून पसरली होती. त्या वेळी मला तो घमेल्यातल्या पाण्याचा डाग वाटला होता.

वही जागच्या जागी ठेवली. बांधावरून घमेलं आणलं, स्वतःच्या हातानं घासलं, स्लॅबवर टाकीशेजारी त्याच गोल डागावर नेऊन ठेवलं. पाणी भरलं, साबणाचा एक थेंब टाकला. मग जिन्यातून मामांना हाक मारली, "उठा की हो, आठ वाजले."